नोएलीन कटमोर यांनी चालवून पाहिलेली पाने

गुरुवार, दिनांक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी, न्यू साउथ वेल्सच्या घड्याळाप्रमाणे सकाळी नऊ वाजता, ट्वीड हेड्स येथील आमच्या कार्यालयात ‘मडक्रॅब’ या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतील अकरावे पान लेखिकेला न विचारता आणि न कळवता काढून टाकण्यात आले. काढणाऱ्याचे नाव वॉरिक टीग, कंपनीचे मालक. लेखिकेचे नाव नोएलीन कटमोर. मी त्या कंपनीत बाजारभावांच्या नोंदी तपासण्याचे काम करीत होतो आणि त्या वेळी खोलीत हजर होतो. या प्रकाराबद्दल मी मालकांना तीन पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. म्हणून चौथे पत्र त्यांना न लिहिता हा मजकूर लिहीत आहे.

तक्रार एका पानाची आहे हे ऐकल्यावर लोक हसतात. सल्ल्यासाठी गेलो त्या वकिलाने तर तोंडावर विचारले, “एवढंच?” हे एवढेच नव्हते हे कळण्यासाठी आधी त्या बाई कोण ते कळायला हवे.

नोएलीनबाई आमच्याकडे आल्या तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. सडसडीत बांधा, उन्हाने ठिपके पडलेले हात, कानामागे पेन्सिल. मुलाखतीला येताना त्यांनी स्वतः केलेले लॅमिंग्टन डब्यात आणले होते. चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवलेला तो केकचा तुकडा वॉरिकच्या तोंडात असतानाच बोलणे सुरू झाले.

“मडक्रॅब हे नाव का?” बाईंनी विचारले.

“खेकडा मागं मागं जातो ना. आपलं सॉफ्टवेअरही मागं जाऊन बघतं.”

“खेकडा आडवा चालतो, वॉरिक.”

“असेल. पण नाव छापून झालंय आता.”

“म्हणजे पहिली चूक मुखपृष्ठावरच आहे. ठीक आहे. मी कधीपासून येऊ?”

मडक्रॅबचे काम असे. समजा कोणाला वाटते की एखाद्या शेअरचा भाव सलग तीन दिवस पडला की चौथ्या दिवशी तो घ्यावा. हे शहाणपणाचे की वेडेपणाचे, ते ठरवायला गेल्या दहा वर्षांचे भाव पुढ्यात ठेवायचे आणि असे केले असते तर काय झाले असते, हे पाहायचे. या व्यवसायात त्याला बॅकटेस्टिंग म्हणतात. पूर्वी माणसे हे करीत. मडक्रॅब मात्र एआय एजंटांसाठी बनवला होता. एजंट स्वतःच युक्ती सुचवणार, स्वतःच ती मडक्रॅबमध्ये घालून तपासणार आणि जी उत्तम ठरेल ती मालकाच्या पैशावर लावणार. साधन कसे वापरायचे हे त्याला सांगणारी पुस्तिका बाईंनी लिहायची होती. म्हणजे वाचक यंत्रच. त्याच्या शेजारी बसून “अरे, हे जरा निराळं दिसतंय” असे म्हणणारा कोणीही माणूस नाही.

हे काम बाईंना नवे नव्हते. आयुष्याची बावीस वर्षे त्यांनी उत्तर क्वीन्सलंडमध्ये ऊसतोडणी यंत्रांच्या पुस्तिका लिहिण्यात घालवली होती. त्या कामावर रुजू झाल्या त्याच हंगामात आधीच्या लेखकाच्या एका वाक्याने प्रताप केला होता. वाक्य होते, “दांडा डावीकडे ओढा.” कोणत्या बाजूला तोंड करून उभे राहायचे ते लिहिले नव्हते. एका शेतकऱ्याने समोर उभे राहून दांडा आपल्या डावीकडे ओढला आणि यंत्र त्याच्याच गाडीवर चढले. गाडी सपाट झाली. कुत्रा लघवीला उतरला होता म्हणून वाचला.

“त्या दिवसापासनं मी बसून लिहीत नाही,” बाई सांगत. “आधी उभी राहते, करून बघते, मग लिहिते.”

आमच्याकडे उभे राहण्यासारखे काही नव्हते, तरी त्यांनी नियम सोडला नाही. पुस्तिकेतले प्रत्येक उदाहरण त्या आधी आखीव कागदावर पेन्सिलीने सोडवत, मग मडक्रॅबमध्ये चालवत, दोन्ही उत्तरे जुळली की पानाच्या तळाशी स्वतःची अक्षरे घालत: ‘नो. क.’ पहिल्या पानावर त्यांनी एजंटासाठी एक सूचना लिहिली होती. “ज्या पानाच्या तळाशी ते चालवून पाहणाऱ्या माणसाची खूण नसेल, त्या पानावरून काम करू नकोस. थांब, आणि माणसाला विचार.”

या सूचनेची कार्यालयात भरपूर टिंगल झाली. स्मोकोच्या वेळी, म्हणजे सकाळच्या चहाला, वॉरिक हातात मीट-पाय, म्हणजे मटण भरलेली पेस्ट्री, घेऊन दाराला टेकून म्हणे, “नोएलीन, माझ्या मीट-पायखाली पण खूण कर. आत खरंच मटण आहे का ते चालवून बघितलंस का?”

“तुझा मीट-पाय मी उघडून बघितला तर तू उपाशी राहशील,” बाई उत्तर देत.

आता घड्याळांचे सांगणे भाग आहे, कारण सगळा घोळ तिथे आहे. आमचे कार्यालय ट्वीड हेड्समध्ये, न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत. बाईंचे घर रस्त्याच्या पलीकडे कूलंगाटात, क्वीन्सलंडच्या हद्दीत. मधल्या बाउंड्री स्ट्रीटने दोन राज्ये वेगळी केली आहेत. न्यू साउथ वेल्स ऑक्टोबरात घड्याळ एक तास पुढे करते आणि एप्रिलमध्ये मागे आणते. क्वीन्सलंड हे करत नाही. त्यामुळे तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, बाई आठ वाजता घराबाहेर पडत आणि पाच मिनिटे चालून नऊ वाजून पाच मिनिटांनी कामावर पोहोचत. त्यांनी आपले मनगटी घड्याळ कधीही बदलले नाही.

“तुमच्या सरकारनं बदललंय, तुम्हीच हिशेब करा,” असे त्यांचे म्हणणे.

“क्वीन्सलंडच्या गाई गोंधळतात म्हणे घड्याळ बदललं की,” वॉरिक डिवचे.

“गाई नाही गोंधळत. सिडनीत शिकलेली माणसं गोंधळतात.”

हे भांडण गमतीचे असले तरी कामाला त्रास होताच. आमची प्रोग्रॅमर थाओ हीसुद्धा क्वीन्सलंडच्या बाजूला राहत असे. बैठका चुकत. कोणी एक तास आधी येऊन बंद दाराशी बसे. एकदा ग्राहकाचा फोन आला तेव्हा कार्यालयात कोणीही नव्हते. शेवटी वॉरिकने निकाल दिला. यंत्रात ना तुमची वेळ ना आमची वेळ. प्रत्येक सौद्याची नोंद ग्रीनिचच्या वेळेने होईल. “ग्रीनिचला आपल्यातलं कोणी राहत नाही. भांडणच मिटलं,” तो म्हणाला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर मडक्रॅबमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. कोणतीही युक्ती घाला, ती ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत झळाळून निघे. एजंट तर उन्हाळी युक्त्याच निवडू लागला. वॉरिकला यात नवल वाटले नाही. “उन्हाळ्यात लोक खुशीत असतात. पाण्यात डुंबतात, शेअर घेतात,” असा त्याचा सिद्धांत. संख्याशास्त्राची पदवी गळ्यात घालून मी त्याच्या समोरच्याच टेबलाशी बसत होतो आणि मला हा सिद्धांत पटण्यासारखा वाटला, हे इथे नोंदवणे मला सुखाचे नाही.

जानेवारीच्या अखेरीस नोएलीनबाई दहावे पान लिहीत होत्या. विषय होता ‘रोजचा भाव’. उदाहरणासाठी त्यांनी मंगळवार, १४ जानेवारी घेतला आणि एका खाणकंपनीचा त्या दिवशीचा बंद भाव, म्हणजे दिवसातला शेवटचा भाव, वर्तमानपत्रातून कागदावर उतरवून घेतला. मडक्रॅबमधला बंद भाव निराळा आला. त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“डिग्स, हा भाव खोटा आहे का?” दिगंबर हे नाव तिथे कोणाच्या तोंडात बसत नसे.

मी नोंदी उघडल्या. “खोटा नाही. सौदा झालाय या भावानं.”

“कधी?”

“हा… बुधवारी. सकाळी अकराला मिनिट कमी असताना.”

“मग तो मंगळवारच्या डब्यात काय करतोय?”

मी प्रत्येक सौदा खरा आहे की नाही हे तपासत असे. तो कोणत्या दिवसाच्या डब्यात पडला, हे पाहणे माझे काम आहे असे मला कधी वाटलेच नव्हते. बाईंनी जुलैतला एक दिवस काढला. तिथे भाव तंतोतंत जुळला. मग डिसेंबरातला. तिथे पुन्हा बुधवारचा तुकडा मंगळवारात. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर बाउंड्री स्ट्रीट, पलीकडे त्यांचे कूलंगाटा. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पेन्सिल कानामागून काढली.

“सिडनीचा बाजार दहाला उघडतो,” त्या म्हणाल्या. “हिवाळ्यात त्या वेळी ग्रीनिचला बरोब्बर मध्यरात्र असते. तारीख तीच. उन्हाळ्यात तुम्ही घड्याळ पुढं ढकलता, म्हणजे तिथं असतात रात्रीचे अकरा. आदल्या दिवसाचे. रोज सकाळचा पहिला तास कालच्या तारखेला जातोय, डिग्स.”

“आणि खरेदी?”

“खरेदी बाजारानं जाहीर केलेल्या दहाच्या भावानं. तो भाव वेगळ्या यादीतनं येतो, तो बरोबर आहे. म्हणजे हा पठ्ठ्या बुधवारी अकरापर्यंत काय झालं ते बघतो, आणि बुधवारी दहाच्या भावानं माल घेतो. असं असेल तर माझा बोकासुद्धा जिंकेल.”

थाओने संध्याकाळपर्यंत ते तपासले आणि डोक्याला हात लावला. दहा वर्षांच्या नोंदी नव्याने कापून दिवसांच्या डब्यात भरायला सहा आठवडे लागणार होते. पहिल्या ग्राहकाला मडक्रॅब दाखवायचा दिवस मात्र ठरला होता: सोमवार, १७ फेब्रुवारी. ग्राहक म्हणजे दक्षिणेकडच्या एका लहान बंदरातील कोळंबी पकडणाऱ्या मच्छीमारांचा निवृत्तिनिधी. तीनशेच्या आसपास कुटुंबे. त्यांचा एजंट त्याच दिवशी मडक्रॅबमधून युक्ती निवडणार आणि निधी तिच्यावर चालू लागणार होता.

प्रोग्रॅम दुरुस्त होईपर्यंत एजंटाला सावध करण्याची जागा एकच उरली होती, ती म्हणजे पुस्तिका. बाईंनी तीन दिवस घालवून अकरावे पान लिहिले. मी ते इथे उतरवून देतो, कारण मूळ प्रत माझ्यापाशी आहे.

“ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत ‘काल’ या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. त्या काळात कालच्या डब्यात आजचा पहिला तास पडलेला आहे. त्या महिन्यांत जी युक्ती जिंकताना दिसते ती हुशार नाही. तिने पुढचे पाहून घेतले आहे. त्या महिन्यांचे रोजचे भाव वापरू नकोस. वापरावेच लागले तर थांब आणि माणसाला सांग.”

मी आयुष्यात बरेच संशोधन-निबंध वाचले आहेत. दोष इतका स्वच्छ सांगणारे सहा ओळींचे लिखाण मला आठवत नाही.

गुरुवारी सकाळी वॉरिकने ते पान वाचले आणि सर्वांच्या देखत काढले. बाई पाचच मिनिटांनी आल्या. पिशवी अजून खांद्यावर होती.

“अकरावं पान कुठं गेलं?” त्यांनी पडद्याकडे पाहत विचारले.

“मी काढलं. नोएलीन, ऐक. एप्रिलपर्यंत थाओ दुरुस्त करतेच आहे. सोमवारी त्यांच्यासमोर एजंट पान अकरा वाचणार आणि म्हणणार, अर्धं वर्ष वापरता येत नाही. मग दाखवायचं काय? माझे गुडघे?” तो नेहमीप्रमाणे अर्ध्या चड्डीत होता.

“दुरुस्त झाल्यावर दाखव.”

“तोवर ते दुसरीकडे जातील.”

“आणि एप्रिलपर्यंत त्यांचे पैसे कुठं जातील?”

“काही होत नाही गं एवढ्यात.”

“वॉरिक, ते वाक्य लिहून दे. खाली तुझी अक्षरं घाल. मी छापते.”

वॉरिकने हसून विषय बदलू पाहिला. मग माझ्याकडे वळला. “डिग्स, तूच सांग, सहा आठवड्यांत आभाळ कोसळणार आहे का?”

मी चहाच्या कपात पाहत राहिलो. थाओ खिडकीबाहेर पाहत राहिली. तिच्या मागे घराचे हप्ते होते, तिचे मी समजू शकतो. माझ्या मागे काहीही नव्हते. या तक्रारीत माझेही नाव असायला हवे, म्हणून हे लिहिले.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. “पान तुझं आहे, कंपनी तुझी आहे. खूण माझी आहे. दहाव्या पानावर मी लिहिलंय की रोजचा भाव म्हणजे त्या दिवसाचा भाव. अकरावं पान नसेल तर ते खोटं ठरतं. मी दहाव्यावरची माझी खूण काढतेय.”

“काढ की! खालची दोन अक्षरं कोण वाचतंय?”

“बघ हं. तुझ्यासमोर काढतेय. डिग्स साक्षीला आहे.”

“काढ, काढ. एक लॅमिंग्टन तेवढं दे.”

त्यांनी दहाव्या पानाच्या तळाची दोन अक्षरे पुसली, पुस्तिका जतन केली आणि त्याला खरोखरच लॅमिंग्टन दिले. लपूनछपून काही केले नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो; पुढे त्यांच्यावर जो आरोप झाला त्यासाठी हे सांगणे आवश्यक आहे.

सोमवारी निधीचे तीन विश्वस्त आले. त्यांचे प्रमुख अ‍ॅथल पिम, सत्तरीचे, पन्नास वर्षे नदीच्या मुखाशी जाळे टाकलेले. रिकाम्या हाताने कोणाकडे जायचे नाही म्हणून बर्फाच्या पेटीतून उकडलेली कोळंबी घेऊन आले होते. सभेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती ओतली गेली आणि सगळे सोलत सोलत पडद्याकडे पाहू लागले.

एजंट सुरू झाला. त्याने पहिले पान वाचले, दुसरे वाचले, सरसर पुढे गेला. दहाव्या पानाशी आला आणि पडद्यावर ओळी उमटल्या: “पान दहाच्या तळाशी चालवून पाहिल्याची खूण नाही. पान एकवरील सूचनेप्रमाणे मी थांबलो आहे. हे पान कोणत्या माणसाने चालवून पाहिले, ते कळवावे.”

वॉरिकच्या हातातली कोळंबी हातातच राहिली. “थाओ, त्याला म्हण पुढं जा.”

थाओने टाइप केले. उत्तर आले: “पुढे जाण्यासाठी नाव हवे आहे.”

“नोएलीनचं टाक.”

“माझं टाकू नकोस, थाओ,” बाई कोपऱ्यातून म्हणाल्या. “मी गुरुवारी काढलंय.”

“बरं, मग डिग्सचं टाक. डिग्स भाव तपासतोच.”

पडद्यावरची लहानशी रेघ मिटत-उघडत होती. गुरुवारी मी मान खाली घालून निभावले होते. आज मान खाली घालणे म्हणजे होकार देणे होते. तीनशे घरांच्या म्हातारपणावर माझे नाव पडणार होते. मी म्हणालो, “माझं नाव नको. मी ते पान चालवून पाहिलेलं नाही.”

“डिग्स!”

“नाही पाहिलं, वॉरिक. मी फक्त सौदे पाहिलेत.”

अ‍ॅथल पिम यांनी बोटे कागदाला पुसली. “मग पाहिलंय कोणी? का कोणीच नाही?”

“मी पाहिलंय,” बाई म्हणाल्या. “दोनदा. म्हणूनच खूण काढली.”

“का?”

वॉरिकने काहीतरी बोलायला तोंड उघडले. अ‍ॅथलनी त्याच्याकडे न पाहताच हात वर केला. “थांब रे बाबा जरा. बाई बोलतायत.”

बाईंनी त्यांना दोन मिनिटांत समजावले. त्यांच्या पुढ्यातल्या कोळंब्या घेतल्या, वर्तमानपत्रावर पेन्सिलीने दोन चौकोन काढले, एकात मंगळवार लिहिले, एकात बुधवार, दोन्हींत तासाला एक अशा कोळंब्या मांडल्या, आणि बुधवारातली पहिली कोळंबी उचलून मंगळवारात ठेवली. “हिवाळ्यात ही इथं असते. उन्हाळ्यात इथं. आणि हे यंत्र मंगळवार बघून बुधवारचं ठरवतं.”

अ‍ॅथल त्या कोळंबीवर बोट ठेवून म्हणाले, “म्हणजे भरती येऊन गेल्यावर तिचं वेळापत्रक छापायचं, आणि सगळ्यांना सांगायचं, बघा कसं मिनिटाला मिनिट जुळलं.”

“तसंच.”

“आणि हे कळवणारं काही लिहिलं होतं तुम्ही?”

“लिहिलं होतं,” बाई म्हणाल्या. वॉरिकचे नाव घेतले नाही. नाव न घेण्याचे कारण नव्हते. तो त्यांचा स्वभाव होता.

अ‍ॅथल उठले, मंगळवारातली ती कोळंबी सोलून खाल्ली आणि वॉरिकच्या खांद्यावर हात ठेवला. “तो तास आपल्या जागी बसवला की फोन कर. आणि फोन या बाईंनी करावा. तुझ्याशी भांडण नाही माझं, पण फोन यांचाच हवा.”

निघताना त्यांनी उरलेली कोळंबी बाईंच्या हवाली केली. वॉरिकला एकही दिली नाही.

त्यानंतर जे झाले ते थोडक्यात सांगतो. तीन आठवड्यांनी बाईंना पत्र मिळाले की पुस्तिका यापुढे स्वयंचलित पद्धतीने तयार होणार असल्याने त्यांची जागा रद्द करण्यात येत आहे. ग्राहकासमोर कंपनीला हेतुपुरस्सर अडचणीत आणल्याचा उल्लेखही त्यात होता. तो धडधडीत खोटा आहे, हे वर आलेच आहे. एप्रिलमध्ये मी मडक्रॅबची नवी आवृत्ती उघडली तेव्हा अकरावे पान परत आलेले दिसले, शब्दाला शब्द तेच, तळाशी मात्र लिहिलेले: “चालवून पाहिले: स्वयंचलित.”

मी लगेच पहिले पान काढले. बाईंची सूचनाही बदललेली होती. आता माणसाची खूण नसली तरी चालते. यंत्राची खूण असली की एजंट थांबत नाही. दहा वर्षांच्या नोंदी नव्याने कापून झाल्या असे थाओने मला सांगितले आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन एखादा जानेवारीचा मंगळवार कोणी जुळवून पाहिला का, या माझ्या प्रश्नावर तिने विषय बदलला. अ‍ॅथल पिम यांच्याकडे फोन गेला तो वॉरिकचा; त्यांनी तो घेतला नाही. इतर दोन निधींनी मात्र मडक्रॅब घेतला आहे. त्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसलेली बाई नाही. मीही नाही, जूनमध्ये मी काम सोडले.

नोएलीनबाई मला दर पंधरवड्याला भेटतात. त्यांच्या अंगणातल्या रानटर्कीने, म्हणजे जमीन उकरणाऱ्या एका मोठ्या पक्ष्याने, रोज उकरून ठेवलेली माती बाई रोज परत सारखी करतात आणि त्या पक्ष्याशी भांडतात. गेल्या महिन्यात बोलिंग क्लबने त्यांना कॉफीच्या नव्या यंत्रापाशी लावायला एक पानभर सूचना मागितल्या. त्यांनी मला बोलावून यंत्रासमोर उभे केले, कागद हातात दिला आणि स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

“आता मला काही विचारायचं नाही. फक्त वाच आणि कर.”

तिसऱ्या ओळीला वाफेने माझा अंगठा भाजला. त्यांनी कागद काढून घेतला, अंगठा नळाखाली धरायला लावला आणि ती ओळ खोडली.

“चूक तुझी नाही,” त्या म्हणाल्या. “नळी कुठं वळवायची ते मी लिहिलंच नाही. पुन्हा पहिल्यापासनं.”

त्या दुपारी मी सात कॉफ्या केल्या. सातवी झाल्यावर त्यांनी कागदाच्या तळाशी दोन अक्षरे घातली. एकही कॉफी प्यायली नाही. त्या चहा पितात.

आता वाचकांना सांगायचे ते सांगतो. तुमच्या भविष्यनिर्वाह निधीचा, पेन्शनचा, पतपेढीतल्या ठेवीचा पैसा कोठे लावायचा, हे आज ना उद्या असाच एखादा एजंट ठरवणार आहे, आणि तो कोणीतरी लिहिलेली पुस्तिका वाचून ठरवणार आहे. तुमचा पैसा ज्यांच्या हाती आहे त्यांना या आठवड्यात एक पत्र लिहा. त्यात एवढेच विचारा: ही पुस्तिका कोणत्या माणसाने स्वतः चालवून पाहिली, त्याचे नाव काय? नाव लेखी मागा. ‘स्वयंचलित’ असे उत्तर आले तर ते स्वीकारू नका आणि नाव मिळेपर्यंत पुन्हा लिहा.